तंतू कोठे घालावा? संमिश्र पदार्थ व ताण या संकल्पनांचे कृतीतून अध्यापन

प्रस्तावना

दोन किंवा अधिक भिन्न गुणधर्मांचे पदार्थ परस्परांत न विरघळता एकत्र आणले असता, घटकांपैकी कोणा एकाकडेही नसलेले गुण ज्यात प्रकट होतात, तो संमिश्र पदार्थ होय. ही व्याख्या भौतिकशास्त्राचा वा स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी परीक्षेत सहज लिहितो. ताण आणि दाब यांतील भेदही त्याला सांगता येतो. परंतु प्लास्टर ऑफ पॅरिसची एक पट्टी आणि ज्यूटच्या सुतळीचे दोन-चार तुकडे हातात देऊन ‘ही सुतळी पट्टीत नेमकी कोठे घालावी?’ असे विचारले, तर वर्गात बहुधा शांतता पसरते. नंतर जी उत्तरे येतात त्यांत ‘मध्यभागी’ आणि ‘सगळीकडे सारखी’ ही दोन विशेष लोकप्रिय असतात. ‘पट्टी कशी वापरणार आहात, यावर ते अवलंबून आहे’ असा प्रतिप्रश्न क्वचितच ऐकू येतो. संमिश्र पदार्थांच्या अध्यापनात पोहोचावयाचे आहे ते मात्र या प्रतिप्रश्नापर्यंतच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने अनुभवाधारित अध्ययनावर भर दिल्यापासून महाविद्यालयांत ‘कृती’ या शब्दाला महत्त्व आले आहे. तथापि कृती म्हटली की आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल आणि ‘सर्वाधिक भार पेलणाऱ्यास पारितोषिक’ ही चाकोरी ठरून गेलेली दिसते. अशा स्पर्धेत उत्साह असतो, छायाचित्रेही चांगली येतात, पण पूल का मोडला हा प्रश्न पारितोषिकाच्या टाळ्यांत हरवतो. प्रस्तुत लेखात प्लास्टर व सुतळी या अल्पखर्चाच्या साहित्यावर आधारलेल्या एका अध्यापनक्रमाचे विवेचन केले आहे. त्याचा केंद्रबिंदू भार किती हा नसून तंतूची जागा हा आहे.

‘ताण’ या शब्दाविषयी

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत एक भाषिक अडचण आरंभीच लक्षात घ्यावी लागते. ‘ताण’ हा शब्द तो तीन ठिकाणांहून घेऊन येतो. एक, बोलीतला मनावरचा ताण. दुसरा, पाठ्यपुस्तकातला पृष्ठताण. आणि तिसरा, दोरीला दोन्ही बाजूंनी ओढल्यावर तिच्यात निर्माण होतो तो. या तिसऱ्या अर्थाशी ‘दोरी’ इतकी घट्ट जोडलेली असते, की फळी, भिंत, दगड किंवा स्लॅब यांसारख्या घन वस्तूच्या आत ताण असू शकतो हे त्याला पटत नाही. वस्तूवर वजन ठेवले म्हणजे ती दाबली जाते, ही त्याची सहज समजूत असते. वजन खाली दाबते आहे आणि त्याच वेळी वस्तूचा एक भाग ओढला जातो आहे, हे एकदम स्वीकारणे सोपे नाही.

ही अडचण केवळ विद्यार्थ्याची नाही. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईच्या बळाचा विचार मांडला. त्यात तुळईचा संपूर्ण छेद ओढला जातो आणि ती खालच्या कडेभोवती वळून मोडते, असे त्याने गृहीत धरले होते. छेदाचा एक भाग ताणाखाली, दुसरा दाबाखाली आणि त्यांच्या मध्ये उदासीन अक्ष, हे चित्र स्पष्ट होण्यास अठरावे शतक उजाडावे लागले. १७७३ मध्ये कूलाँने ते व्यवस्थित मांडले. जे समजण्यास विज्ञानाला शतकाहून अधिक काळ लागला, ते फळ्यावरील एका आकृतीने समजावे अशी अपेक्षा विद्यार्थ्याकडून करणे काहीसे अन्यायाचेच आहे.

म्हणून प्लास्टर कालवण्यापूर्वी गादीच्या फोमचा एक लांबट ठोकळा पुरे. त्याच्या बाजूवर पेनने समान अंतरावर उभ्या रेषा आखाव्यात, दोन विटांवर तो ठेवावा आणि मध्यभागी बोटाने दाबावे. वरच्या कडेला रेषा जवळ येतात, खालच्या कडेला दूर जातात, मध्यावर अंतर बदलत नाही. विद्यार्थ्याला पट्टीने ही अंतरे मोजावयास लावावीत, नुसते पाहू देऊ नये. नंतर तोच ठोकळा टेबलाच्या कडेवर एका टोकाशी दाबून धरावा आणि मोकळे टोक खाली ओढावे. आता रेषा वर दूर जातात, खाली जवळ येतात. ताणाची बाजू बदलली. या दोन निरीक्षणांस दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि पुढील सर्व काम त्यांच्यावर उभे राहते.

तांबड्या ठिपक्याची पट्टी

मुख्य प्रयोगासाठी २४ सें.मी. लांब, ३ सें.मी. रुंद व १ सें.मी. जाड अशा पट्ट्या ओताव्यात. साचा लाकडी पट्ट्यांचा चालतो. विजेच्या वायरिंगसाठी मिळणारी प्लास्टिकची केसिंग पट्टीही कामी येते. साच्याला आतून तेलाचा हात फिरवावा. प्लास्टरच्या वजनाच्या ६० ते ७० टक्के पाणी घेतल्यास मिश्रण ओतण्याजोगे होते. रासायनिक क्रियेसाठी लागणारे पाणी याच्या एक तृतीयांशाहूनही कमी असते. उरलेले पाणी सुकून जाते आणि आपल्या जागी सूक्ष्म छिद्रे ठेवून जाते. पाणी जास्त घालून मिश्रण सैल करण्याचा मोह का टाळावा, हे रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याने याच वेळी येऊन सांगितले तर उत्तम. प्लास्टर घट्ट होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे त्यात हात बुडवून ठेवू नये. कोरडी पूड नाकातोंडात जाऊ नये म्हणून तोंडावर रुमाल बांधावा. आणि उरलेले मिश्रण बेसिनमध्ये कधीही ओतू नये; प्रयोगशाळा सहायकाचा रोष पुढची दोन वर्षे टिकतो.

साच्यात प्रथम सुमारे २ मि.मी. जाडीचा थर ओतून त्यावर सुतळीचे तुकडे लांबीच्या दिशेने सरळ ठेवावेत आणि मग साचा भरावा. प्रत्येक पट्टीत सुतळीचे वजन सारखेच, समजा २ ग्रॅम, असावे. सुतळी कोरडी घातली तर ती भोवतालच्या मिश्रणातले पाणी शोषून घेते आणि तिच्याभोवतीचे प्लास्टर भुसभुशीत राहते. म्हणून ती आधी पातळ मिश्रणात बुडवून काढावी. गणेशमूर्तींचे कारागीर काथ्या प्लास्टरमध्ये भिजवूनच साच्यात बसवतात, ते याच कारणाने. पट्टी साच्यातून काढल्यावर जी बाजू सुतळीच्या जवळ आहे तिच्यावर तांबडा ठिपका द्यावा. यानंतर सर्व पट्ट्या सारख्याच दिवस वाळवाव्यात. ओले प्लास्टर वाळलेल्या प्लास्टरच्या जवळपास निम्मेच बळकट असते; एका गटाची पट्टी काल ओतलेली आणि दुसऱ्याची आठवड्यापूर्वीची असेल, तर तुलनेला अर्थ उरत नाही.

चाचणीची मांडणी साधी असते. दोन आधारांमध्ये २० सें.मी. अंतर ठेवून पट्टी त्यांवर आडवी ठेवावी. मध्यभागी दोरीने बादली टांगावी आणि मोजपात्राने तीत पाणी ओतत जावे. बादलीचा तळ जमिनीपासून चार-पाच सें.मी.पेक्षा उंच नसावा. पट्टीच्या ताणाखालील पृष्ठावरील प्रतिबल काढण्याचे सूत्र पदवीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतेच: भार व आधारांतर यांच्या गुणाकाराच्या तिप्पटीला, रुंदी आणि जाडीचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागावे. वरील मापांच्या पट्टीवर २ किलोग्रॅम भार ठेवला असता ते सुमारे २ न्यूटन प्रति चौ. मि.मी. येते. जाडी वर्गात येत असल्यामुळे १ मि.मी.ची चूक उत्तरात जवळपास २० टक्क्यांची चूक होऊन बसते. हे गणित चाचणीआधी करून घेतल्यास मापे काळजीपूर्वक घेण्याविषयी वेगळे प्रवचन द्यावे लागत नाही.

आता प्रयोगाचा गाभा. एकाच वेळी ओतलेल्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एक ठिपका खाली ठेवून मांडावयाची, दुसरी ठिपका वर ठेवून. पदार्थ तोच, प्रमाण तेच, वजन तेच. फरक फक्त पालथे-उताणेपणाचा. पाणी ओतण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपला अंदाज आणि त्याचे कारण कागदावर लिहून द्यावे. रिचर्ड व्हाइट व रिचर्ड गनस्टोन यांनी १९९२ मध्ये विस्ताराने मांडलेली ‘अंदाज–निरीक्षण–स्पष्टीकरण’ ही पद्धती येथे फार उपयोगी पडते. तोंडी अंदाज घेतला तर हुशार विद्यार्थ्याच्या मागे सगळा वर्ग जातो. लेखी अंदाज मात्र बदलता येत नाही, आणि मोडलेली पट्टी समोर असताना आपण काय लिहिले होते हे वाचणे हा शिकण्याचा मोठा क्षण असतो.

ठिपका वर असलेली पट्टी खालून तडकते, तडा क्षणात वर धावतो आणि पट्टी घडी घातल्याप्रमाणे वाकून सुतळीला लोंबू लागते. ठिपका खाली असलेली पट्टीही तडकतेच; पण तडकल्यावर ती भार सोडत नाही. तडा रुंदावत जातो, पट्टी खाली झुकते, सुतळीने प्लास्टर नीट पकडले असेल तर आणखी पाणीही ओतता येते. शेवटी तंतू ओढले जाऊन ती हळूहळू निकामी होते. त्यानंतर उरलेली एक पट्टी टेबलाच्या कडेवर शिकंज्यात पकडून १५ सें.मी. बाहेर काढावी आणि टोकाला बादली टांगावी. ठिपका वर की खाली? येथे पुन्हा लेखी अंदाज घ्यावा. पहिल्या चाचणीचे ‘उत्तर’ पाठ केलेले विद्यार्थी या वेळी हटकून चुकतात आणि फोमच्या ठोकळ्याकडे परत वळणारे बरोबर येतात. याच वेळी आणखी एक हिशेब लक्षात आणून द्यावा. टोकावरचा भार येथे आधारापाशी जे नमन परिबल निर्माण करतो, ते आधीच्या मांडणीत मध्यावर ठेवलेल्या तेवढ्याच भाराच्या तिप्पट असते. बादलीत तितके पाणी जाण्याआधीच पट्टी का तडकली, याचा उलगडा त्यातून होतो.

तडा आणि तंतू

सुतळी नसलेली पट्टी आणि ठिपका खाली असलेली पट्टी या दोन्हींच्या पहिल्या तड्याच्या वेळचा भार नोंदवला, तर अनेक विद्यार्थी निराश होतात. दोन आकड्यांत फारसा फरक नसतो. ‘मग सुतळीने केले काय?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि अध्यापकाने येथे घाई करू नये.

सुतळी पिळाची असते. तिच्यावर ओढ आली की प्रथम पीळ सरळ होतो आणि मग ती भार घेऊ लागते. प्लास्टर मात्र अत्यल्प ताणले जाताच तडकते. त्या क्षणापर्यंत सुतळीला आपल्या बळाचा लहानसा अंशही वापरता आलेला नसतो. काथ्याच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण तो तुटण्यापूर्वी पुष्कळ लांबतो. याच्या उलट लोखंडी तार प्लास्टरपेक्षा कितीतरी ताठर असल्यामुळे तडा जाण्यापूर्वीही आपला वाटा उचलते. म्हणजे तंतू दोन वेगळी कामे करू शकतो: तडा पुढे ढकलण्याचे आणि तडा गेल्यानंतर वस्तू सावरून धरण्याचे. पहिल्यास ताठरपणा लागतो, दुसऱ्यास चिवटपणा. पेणच्या गणेशमूर्तीतील काथ्या मूर्तीला तडा जाऊच नये म्हणून नसतो. हात तडकला तरी तो गळून पडू नये यासाठी असतो. केवळ कमाल भार मोजणारी स्पर्धा हा दुसरा गुण पाहूच शकत नाही, आणि ठिसूळ पदार्थाचे संमिश्रण करण्याचे मुख्य प्रयोजन तर बहुतेक वेळा तोच असतो.

तड्याचा स्वभाव दाखविण्यासाठी साध्या प्लास्टरच्या दोन पट्ट्यांवर ब्लेडने आडवा ओरखडा काढावा. एक पट्टी ओरखडा खाली ठेवून व दुसरी वर ठेवून मोडावी. खालचा ओरखडा पट्टीला बराच आधी मोडतो. वरच्याचा परिणाम जवळजवळ जाणवत नाही, कारण दाबाखाली तडा मिटतो आणि ताणाखाली उघडतो. फरशी कापणारा किंवा काच कापणारा कारागीर नेमके हेच करतो. तो ओरखडा काढतो आणि तो ताणाच्या बाजूस येईल अशा बेताने वाकवून तुकडा पाडतो. ए. ए. ग्रिफिथ याने १९२१ च्या आपल्या निबंधात काचेच्या तंतूंवरील प्रयोग दिले आहेत. तंतू जितका बारीक तितके त्याचे प्रति एकक क्षेत्रफळ बळ अधिक, असे त्यास आढळले, कारण बारीक तंतूत मोठ्या चिरेला जागाच नसते. काचतंतूंनी प्रबलित प्लास्टिकच्या टाक्या व होड्या यांमागे ही कल्पना आहे. ठिसूळ पट्ट्यांचे आकडे एकमेकांपासून इतके दूर का जातात, याचेही उत्तर येथेच मिळते. म्हणून प्रत्येक प्रकारच्या निदान तीन, शक्य तर पाच पट्ट्या मोडल्याशिवाय सरासरीविषयी बोलू नये.

सुतळीऐवजी मासेमारीची गुळगुळीत नायलॉन दोरी वापरलेली एक पट्टीही मोडून पाहावी. दोरी सुतळीइतकी वा तिच्याहून बळकट असूनही पट्टी लवकर हार मानते आणि दोरी न तुटता सरकून बाहेर येते. प्लास्टर व तंतू यांची पकडच नसली तर तंतूचे बळ वाया जाते. उलट पकड फारच घट्ट असेल तर तडा तंतूपाशी न थबकता त्यालाही तोडून जातो. जे. कुक व जे. ई. गॉर्डन यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले की, दोन घटकांमधील सांधा काहीसा दुबळा असणे हे तडा अडविण्यास उपकारक ठरते. येणारा तडा सांध्यापाशी वळतो आणि त्याची धार जाते. दुबळेपणातून चिवटपणा यावा, ही गोष्ट विद्यार्थ्यांना फार आकर्षित करते.

जेथे प्लास्टर नको वाटेल तेथे बर्फ चालतो. वर्तमानपत्राचा लगदा मिसळून गोठविलेली पट्टी आणि शुद्ध बर्फाची पट्टी हातोडीच्या एका घावात तोच धडा देतात. दुसऱ्या महायुद्धात जेफ्री पाइक याच्या सूचनेवरून बर्फ व सुमारे १४ टक्के लाकडाचा लगदा यांपासून विमानवाहू जहाज बांधण्याचा विचार झाला आणि १९४३ मध्ये कॅनडातील पॅट्रिशिया सरोवरावर त्याची एक लहान प्रतिकृती बांधलीही गेली. जहाज कधी झाले नाही. पण मॅक्स पेरुट्झसारखा शास्त्रज्ञ त्या पदार्थाच्या अभ्यासात गुंतला होता, हे ऐकून विद्यार्थी बर्फाच्या पट्टीकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

जुन्या भिंती, नवे काँक्रीट

ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला संमिश्र पदार्थ नवीन नाही, फक्त त्याने त्या नावाने तो ओळखलेला नसतो. सह्याद्रीच्या पायथ्याची घरे कारवीच्या कुडाची असत. त्यांत कारवीच्या काठ्या हा सांगाडा आणि शेणमाती हे आधारद्रव्य. मातीत भुसा वा गवत कालविण्याची रीत तर सर्वत्र आहे. येथे ताण वजनामुळे येत नाही. माती वाळताना आकसू पाहते, भिंत तिला आकसू देत नाही, आणि या ओढाताणीत गिलावा भेगाळतो. भुसा घातल्याने भेगा जात नाहीत. मोजक्या मोठ्या भेगांऐवजी पुष्कळ बारीक भेगा पडतात आणि गिलावा जागेवर राहतो. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष मिसळलेले असल्याचे ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविले आहे. इतिहास विभागाशी मिळून एखादी सहल काढावयाची असेल तर यापेक्षा चांगले निमित्त मिळणार नाही.

लोखंड व काँक्रीट यांच्या संयोगाचा इतिहास मात्र प्रस्तुत विषयाच्या अगदी जवळून जातो, कारण तेथेही प्रश्न ‘कोठे?’ हाच होता. जोसेफ मोनिए या फ्रेंच बागाइतदाराने १८६७ मध्ये लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांसाठी एकस्व घेतले. जाळीकडे तो प्रामुख्याने आकार देणारा सांगाडा म्हणून पाहत असे, असे बांधकामाच्या इतिहासकारांचे मत आहे. अमेरिकन संशोधक थॅडिअस हायट याने १८७७ मध्ये आपल्या चाचण्यांचा वृत्तांत छापला आणि लोखंड ताणाच्या बाजूस असावयास हवे हे मांडले. १८८६ मध्ये बर्लिन येथील अभियंता मथियास कोएनेन याने ताण लोखंडाने घ्यावा व दाब काँक्रीटने, या गृहीतावर गणिताची रीत प्रसिद्ध केली. आजची भारतीय मानक संहिता आय.एस. ४५६:२००० हीदेखील छेदाचे बळ काढताना काँक्रीटची ताण सोसण्याची शक्ती जमेस धरत नाही. दाबाखाली २० न्यूटन प्रति चौ. मि.मी. पेलणाऱ्या एम-२० काँक्रीटचे वाकताना ताणाखालील बळ त्या संहितेच्या सूत्रानुसार ३.१ च्या आसपासच येते, हे पाहिले म्हणजे त्या गृहीतामागील शहाणपण कळते. पोलाद व काँक्रीट उष्णतेने जवळपास सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, हा निसर्गाने केलेला उपकार आहे; नाहीतर आपल्याकडील उन्हाळ्याने ही जोडी केव्हाच फोडली असती.

अभिकल्पाचा प्रश्न: छज्जा

इथपर्यंतच्या चाचण्या अध्यापकाने आखलेल्या असतात. अभिकल्प हा त्याच्या पुढील टप्पा होय, आणि त्यात विद्यार्थ्याने स्वतः निर्णय घेऊन त्याची जबाबदारी उचलावी लागते. खिडकीवरचा छज्जा हा यासाठी उत्कृष्ट विषय आहे. प्रत्येक गटास ५०० ग्रॅम प्लास्टर आणि १० ग्रॅम सुतळी द्यावी. भिंतीच्या जागी असलेल्या ठोकळ्यातून १५ सें.मी. बाहेर येणारा छज्जा तयार करावयाचा. अटी दोन: ठरावीक भाराला तडा जाऊ नये, आणि तडा गेल्यावर तुकडा खाली पडू नये. सुतळी उरविल्यास गुण वाढतील. जाडी सर्वत्र सारखी ठेवावी की आधाराकडे वाढवावी, सुतळी भिंतीच्या ठोकळ्यात किती आत न्यावी, सर्व तुकडे टोकापर्यंत न्यावेत की काही मध्येच थांबवावेत, हे गटाने ठरवावे आणि ओतण्यापूर्वी रेखाटन व कारणांसह लिहून द्यावे.

पहिल्या फेरीत ज्यांचा छज्जा पडतो ते बहुतेक गट सुतळी वर ठेवण्यास विसरलेले नसतात. ती भिंतीच्या ठोकळ्यात पुरेशी आत न्यावयास विसरलेले असतात. तडा आधारापाशीच जातो, आणि सुतळीचे आतले टोक आखूड असेल तर ती सरळ निसटून येते. फोमच्या ठोकळ्यावर न दिसणारी ही गोष्ट आहे, म्हणून दुसरी फेरी अनिवार्य मानली पाहिजे. वेळापत्रकात दोन फेऱ्या बसत नसतील, तर छज्ज्याचा प्रश्न न घेता नुसत्या ठिपक्याच्या पट्टीवर थांबणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे. एकाच फेरीचा अभिकल्प म्हणजे पुन्हा ती स्पर्धाच.

छज्ज्याची निवड केवळ सोयीसाठी नाही. प्रत्यक्ष बांधकामात छज्जे व सज्जे यांच्या मुख्य सळ्या वरच्या अंगास असाव्या लागतात. काँक्रीट टाकताना मजुरांचे पाय त्याच सळ्यांवर पडतात, आणि सळ्यांखाली पुरेशा चेअर दिलेल्या नसतील तर त्या खाली दबतात. १०० मि.मी. जाडीच्या छज्ज्यात तळापासून ७५ मि.मी. उंचीवर असावयाची सळई दबून ४० मि.मी.वर आली, तर पोलाद तेवढेच राहून छज्ज्याचे बळ निम्म्याच्या आसपास येते. काँक्रीट टाकून झाल्यावर बाहेरून काहीही दिसत नाही. साहित्याचे बिल बरोबर असते, घनाच्या चाचणीचे आकडे बरोबर असतात, आणि सेंट्रिंग काढल्यावर छज्जा काही काळ उभाही राहतो. पुढे पावसाळ्यात त्यावर पाणी साचते किंवा रंगकामासाठी कोणी त्यावर उभा राहतो. तांबडा ठिपका चुकीच्या बाजूस ठेवलेली पट्टी आणि हा छज्जा यांत तत्त्वतः काहीच अंतर नाही. स्थापत्य शाखेचे जे विद्यार्थी उद्या साइटवर देखरेख करणार आहेत, त्यांच्या बाबतीत या संकल्पनेचे अज्ञान गुणपत्रिकेपुरते राहत नाही.

मूल्यमापन

मोडलेल्या पट्ट्या फेकून देऊ नयेत. तोंडी परीक्षेसाठी त्यांच्याइतके चांगले साधन नाही. विद्यार्थ्याच्या हातात दुसऱ्या गटाची मोडकी पट्टी द्यावी आणि तडा कोठून सुरू झाला, तंतू तुटला की निसटला, पट्टी कोणत्या बाजूने ठेवलेली असावी, हे विचारावे. निसटलेल्या सुतळीचे टोक लांब व अखंड असते, तुटलेल्याचे विस्कटलेले. लेखी परीक्षेत व्याख्येऐवजी अपरिचित वस्तूंच्या आकृत्या द्याव्यात: मूर्तीचा पुढे आलेला वरदहस्त, तीन भिंतींवर टेकलेला अखंड स्लॅब, जमिनीत गाडलेली रिकामी पाण्याची टाकी, हीच टाकी जमिनीवर बांधून भरलेली असताना. प्रत्येक आकृतीत तंतू वा सळई कोठे घालावी ते दाखवावयाचे आणि एका वाक्यात कारण द्यावयाचे. अखंड स्लॅबच्या आकृतीत मधल्या भिंतीवर सळई वर आणि दोन भिंतींच्या दरम्यान खाली दाखविणाऱ्यास विषय समजला, असे निःशंकपणे म्हणता येते. टाकीच्या दोन आकृत्यांत बाहेरची माती आतल्या बाजूस आणि आतले पाणी बाहेरच्या बाजूस भिंत ढकलते, हे ओळखणे थोडे कठीण आहे. ते गुणवान विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावे.

शक्य असल्यास याच सुमारास जवळच्या एखाद्या बांधकामावर, स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशी, विद्यार्थ्यांस न्यावे. काँक्रीट पडल्यानंतरची भेट या विषयापुरती निरुपयोगी आहे. सळ्या उघड्या असताना पट्टी घेऊन छज्ज्याच्या वरच्या सळईची तळापासूनची उंची मोजावी, चेअर मोजाव्यात, सळई तुळईत किती आत गेली आहे ते पाहावे आणि नोंदवहीत लिहावे. सेंट्रिंगवर चालताना पाय कोठे ठेवावा, हे त्या दिवशी विद्यार्थ्यांना निराळे सांगावे लागत नाही.